काढलेला आवाज

ब्रेकचं तेवढं बघा, नवं काम काढू नका, असं गॅरेजवाल्याला बजावलं होतं. तरी बिलात दाराचं काम होतंच. “मी सांगितलं नव्हतं. पैसे देणार नाही.” तो गोंधळला. “काम कुठं काढलं? फक्त दाराचा आवाज काढला. किती करकरायचं.” “तो परत घाला.” त्याला ही घासाघीस वाटली. “बरं, दाराचे नका देऊ. पण गेलेली करकर कुठून आणू? बिजागरी बदललीय.” “जुनी लावा.” “ती सकाळीच भंगारात गेली.” भांडायला काही उरलंच नाही. घराखाली गाडी लावली. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. हू की चू नाही. एरवी करकर ऐकून वरून आई म्हणायची, “आलास का रे?” माझा चेहरा ती केव्हाच विसरलीय, ओळखायची ती एवढ्यावरच. वर गेलो. खिडकीतली आई वळली. “बसा ना. मुलगा येईलच इतक्यात.”