सीटमागे इंधन

लहान शहरांना जाणारी छोटी जेट विमानं विकून तिथंही मोठीच उडवायची, असा चंग विमान कंपनीच्या साहेबांनी बांधला होता. अहवालावर सही तेवढी खर्च विभागाच्या बाईंची अडली होती.

"दर सीटमागे इंधन मोठ्यालाच कमी लागतं ना? मग घोडं कुठं पेंड खातंय?"

"सीट विमानाबरोबर येते साहेब, माणूस येत नाही. तिथं पन्नासाच्या वर प्रवासी कधी मिळालेत? मोठं विमान रिकामं उडेल, तोट्यात जाईल आणि मग त्या लोकांची सेवाच बंद पडेल."

"उद्या सकाळी सही करा, नाहीतर घरी बसा."

सकाळी साहेबांना विमानतळावर न्यायला दारात गाडीऐवजी साठ सीटची बस उभी होती, आणि बसच्या पायरीवर बाई.

"हे काय? माझी गाडी कुठंय?"

"दर सीटमागे डिझेल बसलाच कमी लागतं, साहेब," चेहऱ्यावरची माशीही हलू न देता बाई म्हणाल्या.

"अहो, पण एकट्या माणसासाठी एवढं मोठं धूड? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

बाईंनी पेन पुढं केलं.

"हेच अहवालात लिहा साहेब. खाली सही मी आनंदानं करते."