एक पीळ जास्त

ऑइलचा प्लग फिरत होता, पण आवळला जात नव्हता. गाडीखाली आडव्या पडलेल्या क्षितिजने शेवटी तो बोटांनीच बाहेर ओढला. त्याच्या खाचांत ॲल्युमिनियमची चकचकीत वेटोळी अडकली होती. इंजिनखालच्या ऑइल पॅनचे आटे गेले.

गाडी चंद्रहासकाकांची. महिनाभर बिनदिक्कत वापरायला दिलेली, आज चारला परत करायची. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आईने घरात इतकं मुरवलेलं की गाडी नुसती धुऊन देणं त्याला जमेना. म्हणून ऑइल बदलायला घेतलं. आणि काकांना थेंबाचाही त्रास नको म्हणून प्लगला एक पीळ जास्त दिला.

उद्या पहाटे काका त्यांच्या मुलीला, ओवीला, डनेडिनला हॉस्टेलवर सोडायला निघणार होते. साडेतीनशे किलोमीटर.

"टेप गुंडाळ, वर सिलिकॉन फास," रूममेट वेदांत दारातून म्हणाला. "चारपर्यंत टिकेल. स्वीट ॲज, एकदम झकास."

"आणि वाटेत टिमारूजवळ गळालं तर? इंजिन जाईल."

"तेव्हा गाडी तुझ्याकडे नसेल ना, भावा!"

क्षितिजने सायकल काढली. हॉर्नबीतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून जाडा प्लग आणला, स्वतःच नवे आटे पाडत आत जाणारा. त्याला ग्रीस लावलं. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. तिरका गेला. काढला, पुसला, पुन्हा सरळ धरला. अर्धा पुढे, पाव मागे. खांदे भरून आले. धातूचा कीस धुवायला वरून थोडं ऑइल ओतून वाहू दिलं, मग नवा वॉशर घालून प्लग बसवला. पाना अडला, तिथेच हात थांबवला. वरून नवं ऑइल भरलं.

काका आले तेव्हा इंजिन चालू होतं आणि गाडीखाली पेपर अंथरलेला.

"काका, रिकामी कशी परत करायची म्हणून ऑइल बदलत होतो. जास्त आवळलं. तुमचे आटे मी घालवले. नवे पाडलेत. वीस मिनिटं थांबा, गळलं तर गाडी नेऊ नका."

काका घड्याळ बघून थांबले. वीस मिनिटांनी इस्त्रीच्या शर्टासकट ते काँक्रीटवर आडवे झाले, प्लगभोवती बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. कोरडं. पेपरही कोरडा.

त्यांनी पेपराची घडी घालून ती डिकीत ठेवली.

"टिमारूला परत अंथरून बघेन," ते म्हणाले. मग किल्ली घेता घेता, "आणि हे बघ, पुढच्या वेळी डबा रिकामाच दे."