दीपगृहाच्या दारातली बाई

बर्गनच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असलेल्या रागनहिल्ड आणि आयविननं मिळून एक कॉम्प्युटर गेम तयार केला होता. ओसाड दीपगृहाचा जिना चढायचा आणि वरचा दिवा लावायचा, एवढंच. गेममध्ये माणूस एकही नव्हता.

दुपारी सादरीकरण होतं, म्हणून सकाळी त्यांनी वर्गातल्या तुरुनला खेळायला बसवलं.

"मस्त झालाय रे," हेडफोन काढत ती म्हणाली. "दारातली बाई तर फारच गोड. बूट काढून आत ये म्हणाली."

"कुठली बाई?"

"पुरे हं चेष्टा!"

मग आणखी दोघं खेळले. त्यांनाही बाईनं बूट काढायला लावले होते. रागनहिल्ड त्यांच्या मागेच उभी होती; पडद्यावर तिला रिकामं दारच दिसलं. तिनं सगळा कोड, सगळे आवाज पुन्हा तपासले. बाई कुठेच नव्हती. तिचं डोकं चालेना.

शेवटी ती आयविनला म्हणाली, "आता तू खेळ बघू."

त्यानं खेळ पुरा केला आणि हेडफोन हळूच खाली ठेवला.

"दिसली?"

"नाही."

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला.

"नुसता आवाज आला," तो म्हणाला. "रागनहिल्ड अजून का आली नाही, विचारत होती."