सीलबंद इनहेलर

सरिता हैदराबादच्या लॅबमध्ये एक रेणू घडवत होती. फुप्फुसं पोखरणाऱ्या एन्झाइमला तो अडवणार होता. राइस मिलच्या धुळीनं छाती भरलेल्या आपल्या बाबांना तिनं फोनवर सांगितलं होतं, "तुमच्यासाठीच औषध बनवून राहिली मी." ते माणसांपर्यंत पोचायला अजून दहाएक वर्षं लागतील, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

धान कापणीच्या दिवसांत ती गावी, एकोडीला आली, तेव्हा बाबांना अंगण ओलांडतानाही धाप लागत होती. तिनं पाठवलेले सगळे इनहेलर कपाटात सीलबंद होते.

"बाबा, हे काहून नाही घेतले?"

 

"दुसऱ्याच्या दवाईनं बरा झालो, त तुया दवाईचा गुण लोकायले कसा समजन, बाई?"