टीमच्या अंगातली साखर

"माझी डायबेटिसवाली टीम साताऱ्यात, मी फलटणला. एका जिलबीचं कुणाला काय कळतंय!" असं म्हणत गजाभाऊ धुमाळ भाचीच्या लग्नात पंगतीला बसले. व्याह्यांनी आग्रह केला आणि एकीच्या पाच झाल्या.

मठ्ठा संपायच्या आत टीममधल्या सिस्टर फिलोमिनाचा फोन आला.

"काका, काय हाणलंत? दंडावरची साखर मोजायची पट्टी काय शोभेला लावलीय? तुमची साखर चढली की आम्हा सगळ्यांच्या अंगात उतरते! आणि आज आहारवाल्या ऋचाला मुलगा बघायला आलाय. तिच्या घशाला अशी कोरड पडलीय की नावसुद्धा सांगता येईना!"

गजाभाऊ ताटावरून उठले. पोरगी यांच्या भाकरीची काळजी करायची आणि यांनी तिचंच लग्न मोडायला घेतलं होतं. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मांडवामागे जाऊन इन्शुलिनचा दुप्पट डोस टोचून घेतला.

पुन्हा सिस्टरचा फोन वाजला तेव्हा अंगातली साखर पार खाली गेल्यानं गजाभाऊ मूठभर साखर चघळत होते. ऋचाचा घसा मोकळा झाला होता. फक्त तिला दरदरून घाम फुटला आणि पाहुण्यांपुढचं लाडवांचं ताट तिनं एकटीनं संपवलं. मुलाच्या आईच्या हातातला अर्धा लाडूसुद्धा तिनंच खाल्ला.