तळ्याकाठचा माणूस

हृषीकेश पलंगावरून खाली कोसळला तेव्हा घरात फक्त कमलजी होत्या. त्या निवृत्त ख्रिस्ती नर्स. पडून पडून झालेल्या त्याच्या पाठीच्या जखमा धुवायला दिवसाआड नगरा मोहल्ल्यातल्या त्या घरी यायच्या. त्या गरम पाणी आणायला आत गेल्या आणि तेवढ्यात त्यानं दोन्ही हातांनी स्वतःला पलंगाबाहेर लोटून दिलं.

“उठायचं होतं मला!” फरशीला गाल टेकून तो रडत होता. “तुमच्या शुभवर्तमानातला तळ्याकाठचा तो लुळा उठला ना, अडतीस वर्षांनी? चाळीस दिवस मी तोच उतारा वाचतोय. रोज पायांना सांगतोय, उठा. माझी श्रद्धा कमी पडते का? तसं असेल तर मला विष तरी आणून द्या, कमलजी.”

दीड वर्षापूर्वी तो छतावरून पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. डॉक्टर झाले, बालाजी झाले, दर्गा झाला. शेवटी त्यानं कमलजींकडून त्यांचं धर्मपुस्तक मागून घेतलं होतं.

एकट्या कमलजींना तो उचलेना. त्या त्याच्याशेजारी फरशीवरच बसल्या.

“भैया, तो उतारा मी पन्नास वर्षं वाचतेय. माझी नजर आता पायांवर थांबत नाही. प्रभू त्याला एकच विचारतो, तुला बरं व्हायचंय का? तो हो म्हणाला का?”

 हृषीकेशला उतारा पाठ होता. तो माणूस हो म्हणालाच नव्हता. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होतो, पण मला कोणी पाण्यात उतरवत नाही, दुसरेच माझ्याआधी उतरतात, एवढंच सांगत बसला होता.

“ते तळं आपल्या आतच आहे, भैया. आणि काठावर आपण एक गाऱ्हाणं अंथरून पडलेलो असतो. प्रभू म्हणतो, ते अंथरूण उचल आणि चालू लाग.”

हृषीकेशनं डोळे मिटले. त्याचंही एक गाऱ्हाणं होतं. आल्यागेल्याला, सासरच्यांना, पोटच्या मुलीलाही तो तेच सांगायचा: देविकानं हट्ट धरला म्हणून मी भर दुपारी बिघडलेला कूलर बघायला छतावर चढलो. हे सोडलं तर आपल्याजवळ उरेल काय? 

दार उघडलं. इलाइट चौराह्यावरच्या ऑफिसातून देविका, त्याची बायको, त्याला जेवण द्यायला आली होती. त्याला खाली पडलेला पाहून ती धावली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडू लागली.

“माझंच चुकलं हो. मी हट्ट केला नसता तर...”

त्याचे पाय तसेच निर्जीव पडले होते. त्यानं तिचा हात घट्ट धरला.

“तू हट्ट केलाच नव्हतास, देविका. मी सांगत सुटलो आणि तुलाही ते खरं वाटायला लागलं. तू अंगणातून ओरडत होतीस, ‘उद्या मिस्त्री येईल, तुम्ही उतरा खाली.’ मला ऐकू आलं होतं.”