एक कोयता कमी

मोहिनी अर्ध्या जिन्यावर थांबली ती थांबलीच. कडेवर तिसरं लागलेली पोर, हातात कागदांची पिशवी.

वर कर सल्लागार सोमेश्वरची खोली होती, दार सताड उघडं. आत कॉम्प्युटरच्या पडद्यावर आयकराचे साहेब आले होते, कुठल्या गावचे कोण जाणे, आणि त्यांच्यापुढं ऊसतोडीच्या टोळीची मुकादम विमलबाई बसली होती. हीच ती विमलबाई, जी गेली दोन-अडीच वर्षं वडवणीच्या बाजारात मोहिनीच्या नावानं बोटं मोडत होती. "माझी उचल खाऊन पळाली भवानी!" एकदा तर म्हातारी पुढं जाईस्तोवर मोहिनी कांद्याच्या गोण्यांआड दडून बसली होती.

आणि त्यात खोटं तरी काय होतं? ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी त्या कोयत्याची आगाऊ उचल कारखान्यानं विमलबाईच्या खात्यात टाकली, तिनं ती परमेश्वरच्या हातात दिली, आणि टोळीची गाडी निघायच्या दिवशी मोहिनी-परमेश्वर दोघंही गायब.

परवा सोमेश्वरचा फोन आला होता. "येऊन एवढंच सांगा, की उचल आम्ही घेतली होती." परमेश्वर उखडला. "येडी का खुळी तू? आपल्याच तोंडानं कबूल केलं की म्हातारी मानगूट धरून उसाच्या फडात नेती का न्हाई बघ." तो मेंढरामागं गेला, ही एसटीत बसली. आली खरी, पण आता पाय वर जाईनात.

साहेबांचा आवाज शांत होता, म्हणूनच जास्त भीती वाटली.

"बाकीच्या मजुरांचं मला पटत आलं होतं. त्यांनी तोडलेल्या उसाची नोंद कारखान्याकडे आहे. ह्या एका जोडीची कुठंच नाही. ही माणसं आहेत तरी का? एक नाव खोटं निघालं तर मला सगळी टोळीच खोटी धरावी लागेल. मग खात्यावर आलेली सगळी रक्कम तुमचं उत्पन्न. त्यावर कर, वर दंड."

"साहेब, ते दोघं पळून गेले," सोमेश्वर म्हणाला.

"मग पोलिसांत तक्रार?"

"न्हाई केली," विमलबाई म्हणाली.

"का नाही केली? पैसे घेऊन माणसं पळतात आणि तुम्ही गप्प बसता?"

गप्प? एवढ्या भीतीतही मोहिनीला हसू आलं. ही बाई आणि गप्प!

"बाई, सांगा काहीतरी," सोमेश्वर काकुळतीला आला. "घरदार जाईल ह्याच्यात."

"तिला आठवा लागला होता," विमलबाई म्हणाली. हा आवाज बाजारातला नव्हता. "उसाच्या पाचटावर दोन बाळंतपणं केलीत मी साहेब, ह्या हातानं. एक बाई वाचली, एक न्हाई. गाडीत ती दिसली न्हाई, तवाच मला कळलं का आली न्हाई. पोटुशी बाई ठाण्यात उभी करू? शिव्या घातल्या, लई घातल्या. माझं नुकसान झालतं, घालणारच. तक्रार न्हाई केली."

"हा पुरावा होत नाही, बाई."

"न्हाई तर न्हाई. तुमाला काय लिहायचं ते लिहा."

बाजारात खाल्लेल्या सगळ्या शिव्या मोहिनीनं तिथल्या तिथं माफ करून टाकल्या. असल्या बाईला तेवढा हक्क होताच. तिनं पोर ह्या कडेवरून त्या कडेवर घेतली आणि उरलेल्या पायऱ्या चढली.

विमलबाईनं वळून पाहिलं. बाकावर सरकून जागा केली.

"पदर नीट घे," ती पुटपुटली. "सगळं दिसतंय त्या डबड्यात."

मोहिनीनं पदर सारखा केला. "मी मोहिनी, साहेब. परमेश्वरची बायको. उचल आमीच घेतलती, कामाला गेलो न्हाई. हिच्यापायी." तिनं पोरीला जरा पुढं केलं.

"तुमचं बोलणं रेकॉर्ड होतंय. उद्या ह्या बाईंनी पैसे मागितले तर नाही म्हणता येणार नाही. कळतंय ना?"

"घेतली ती घेतलीच की साहेब. न्हाई कशाला म्हणू?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हिचा जन्म कधीचा?"

"ऐन हंगामातला, सरकारी दवाखान्यातला," मोहिनी म्हणाली. "दाखला हाय."

"मग तो जोडा. ह्या दोघींचं लेखी म्हणणं जोडा आणि आजच पाठवा. एवढं आलं तर ही रक्कम बाईंच्या उत्पन्नात धरायचं मला कारण दिसत नाही."

पडदा काळा झाला.

"मावशी, त्या उचलीचं..." मोहिनीनं सुरुवात केली.

"इसरले न्हाई मी. तुझं माझं आपण बघू, त्या डबड्यापुढं न्हाई." असं म्हणत विमलबाईनं पोर ओढून मांडीवर घेतली. "लई जड हाय की गं."

सोमेश्वरनं कामाला हात घातला. बँकेचा उतारा चढवला, कारखान्याचं पत्र चढवलं. मग पिशवीतून निघालेला जन्मदाखला हातात धरून तो अडला. प्रत्येक कागदाला कॉम्प्युटर नाव मागत होता, आणि आयकराच्या उत्तरात असला कागद त्यानं आजवर कधी जोडला नव्हता.

"ह्याला काय नाव देऊ?"

पोर विमलबाईच्या बांगड्यांशी खेळत होती. तिच्या केसांतून हात फिरवत विमलबाईनं मोहिनीला विचारलं, "काय ठेवलंस हिचं?"

"संस्कृती."

"मग तेच लिही की रं."